ॲनिमेशन शिकताय? टॅब्लेटच्या आधी पंच मशीन आणा

परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये दर रविवारी ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या घरी मुलं येतात. कळव्याची, घोडबंदर रोडची, एखादी ऐरोलीहून. बहुतेकांच्या सॅकमध्ये नवा कोरा पेन टॅब्लेट असतो आणि तक्रार सगळ्यांची एकच: "चित्र चांगलं येतं, पण हलायला लागलं की बिघडतं." गेल्या वर्षी एका मुलीने लेझीम खेळणारी मुलगी काढून आणली होती. ९६ ड्रॉइंग, दीड महिन्याची मेहनत, रेघ सुरेख. पण तिने पहिल्या कागदावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं करत शेवट गाठला होता. पहिला आणि शहाण्णवावा कागद एकावर एक ठेवून उजेडात धरला, तर शेवटची मुलगी दोन बोटं उंच झाली होती आणि सरकत सरकत कागदाच्या कडेला जाऊन टेकली होती. हात उत्तम होता तिचा. चुकला होता तो कामाचा क्रम, आणि तो तिला कुणी सांगितलाच नव्हता.

तो क्रम इथे सविस्तर देतोय. रोज दीड-दोन तास बसलात तर सगळे टप्पे साधारण तीन महिन्यांत होतात. काही टप्प्यांच्या शेवटी एक तपासणी आहे. ती पार झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण इथली चूक मागे राहत नाही, पुढच्या प्रत्येक कागदावर ती तुमच्याबरोबर येते.

टप्पा १: कागद, भोकं आणि उजेड

सामान साधं आहे: ७५ जीएसएमची ए-फोर कागदांची एक रीम, ऑफिसात असतं तसं दोन भोकांचं पंच मशीन, एक निळी रंगीत पेन्सिल, एक टूबी पेन्सिल, खोडरबर, स्टीलची पट्टी. जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत होतं. उजेडासाठी एलईडी ट्रेसिंग पॅड घ्या. तेवढे पैसे नसतील तर काचवाल्याकडून कडा घासलेली जाड काच आणा, पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर ठेवा आणि खाली एलईडी दिवा सोडा. काम तेच होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पेग बार. प्रत्येक कागद दर वेळी त्याच जागी बसला पाहिजे, यावर पुढचं सगळं उभं आहे. स्टुडिओत तीन खुंट्यांचा पेग बार वापरतात, मधली खुंटी गोल आणि बाजूच्या दोन चपट्या. घरी दोन चालतात. साध्या पंच मशीनच्या दोन भोकांमध्ये ८० मिलिमीटर अंतर असतं. एका लाकडी पट्टीवर तेवढ्याच अंतरावर ६ मिलिमीटर जाडीचे दोन लाकडी खुंटे बसवा. कागद खुंट्यांवर घट्ट जायला हवा पण फाटायला नको. जड गेला तर खुंटे पॉलिशपेपरने हलके घासा. पट्टी काचेवर खालच्या बाजूला चिकटवा, म्हणजे कागद वरून चाळता येतात.

भोकं आधी, चित्र नंतर. चित्र काढून मग पंच करणारा दर उन्हाळ्यात एक तरी भेटतो, आणि त्याचं चित्र थरथरतं. एका वेळी चार-पाचच कागद पंच करा. जास्त घातले की खालचे सरकतात.

सावधान: पावसाळ्यात कागद ओलावा पितो आणि फुगतो. ठाण्यातल्या जुलैत उघड्यावर राहिलेला कागद आणि नुकताच रीममधून काढलेला कागद एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि एका शॉटचे सगळे कागद एकाच दिवशी पंच करून एकत्र ठेवा.

शेवटी एका कागदावर २४० बाय १३५ मिलिमीटरची आडवी चौकट आखा. हे प्रमाण बरोबर सोळास नऊ येतं. हा कागद कायम सगळ्यात खाली राहील.

तपासणी: एका कागदावर अधिकची खूण काढा आणि ती आणखी नऊ कागदांवर ट्रेस करा. दहाही कागद पेगवर ठेवून भराभर चाळा. खूण जागेवरून हलली, तर पेग पुन्हा करा. इथे आळस केलात तर पुढचे तीन महिने वाया जातील.

टप्पा २: सेकंद मोजायला शिका

सिनेमाचा एक सेकंद म्हणजे २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं. हाताने काढताना बहुतेक वेळा एक ड्रॉइंग दोन फ्रेमसाठी धरतात, म्हणजे सेकंदाला १२ ड्रॉइंग. याला 'ऑन टूज' म्हणतात. फार वेगाची हालचाल असेल तेव्हाच दर फ्रेमला वेगळं ड्रॉइंग काढायचं.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि घरातल्या हालचाली मोजा. फ्रिजचं दार उघडायला किती, मान वळवायला किती, बसलेल्या आजीला खुर्चीतून उठायला किती. आकडे वहीत फ्रेममध्ये लिहा: अर्धा सेकंद म्हणजे १२, पाव म्हणजे ६. आठवडाभर हे केलं की हालचाल बघताच अंदाज येऊ लागतो. टप्पा छोटा आहे, पण गाळू नका.

टप्पा ३: बॉल

चेहरा, केस, डोळे काही नाही, फक्त एक बॉल. मुलांना इथे कंटाळा येतो आणि ती पुढे उडी मारतात. वजन दाखवायला मात्र इथेच शिकता येतं.

आधी खाली जाऊन खरा बॉल टाकून बघा. छातीइतक्या उंचीवरून, म्हणजे साधारण १.२ मीटरवरून, सोडलेला बॉल जमिनीवर पोचायला अर्धा सेकंद घेतो. १२ फ्रेम, ऑन टूज ६ ड्रॉइंग. पडताना त्याचा वेग वाढत जातो, म्हणून सारख्या वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ अशा प्रमाणात वाढतात. हे आकडे पाठच करा. ड्रॉइंगची संख्या म्हणजे टायमिंग आणि दोन ड्रॉइंगमधलं अंतर म्हणजे स्पेसिंग. बिघडतं ते बहुतेक वेळा स्पेसिंग.

१. एक कागद 'नकाशा' म्हणून घ्या. चौकटीच्या खालच्या कडेजवळ जमिनीची रेघ ओढा.

२. बॉल दीड सेंटिमीटर व्यासाचा धरा. त्याचा तळ जमिनीपासून १०८ मिलिमीटरवर आहे तिथे, चौकटीच्या डाव्या बाजूला, ड्रॉइंग १ ची खूण करा.

३. आता फक्त की, म्हणजे मुख्य जागा ठरवा. जमिनीला टेकण्याची ड्रॉइंग ७, १५, २१ आणि २५. दोन टप्प्यांमधल्या सगळ्यात वरच्या जागा ११, १८ आणि २३. त्या टोकांची उंची अनुक्रमे ४८, २७ आणि १२ मिलिमीटर.

४. आडवं अंतर मात्र समान: प्रत्येक ड्रॉइंगला ८ मिलिमीटर उजवीकडे.

५. मधल्या जागा भरा. पहिल्यांदा पडताना वरून मोजलेली अंतरं ३, १२, २७, ४८, ७५, १०८ मिलिमीटर. म्हणजे टप्पे ३, ९, १५, २१, २७, ३३ चे झाले. वर उसळताना तेच उलट: २१, १५, ९, ३. पुन्हा पडताना ३, ९, १५, २१. पुढच्या उसळीला १५, ९, ३ वर आणि तसेच खाली. शेवटच्या उसळीला ९, ३ वर आणि ३, ९ खाली.

६. सगळ्या खुणांमधून हलक्या हाताने रेघ फिरवा. छान कमानी दिसल्या पाहिजेत. कुठे कोपरा पडला असेल तर ती खूण चुकली आहे.

७. मगच २५ कागद घ्या. कोपऱ्यात आकडे आधी घाला. ड्रॉइंग काढताना क्रम असा ठेवा: आधी आठ की, म्हणजे १, ७, ११, १५, १८, २१, २३, २५, आणि मग उरलेली सतरा इनबिटवीन, म्हणजे मधली ड्रॉइंग. लेझीमवाल्या मुलीच्या कामात हीच पायरी राहून गेली होती. की आधी ठरल्या असत्या तर मधल्या मुलीला वाढायला जागाच उरली नसती.

८. ७ आणि १५ मध्ये बॉल थोडा चेपा. उंची कमी केली की रुंदी वाढवा, नाहीतर बॉलमधला रबर कुठेतरी नाहीसा झाल्यासारखा वाटतो. ६ मध्ये जाण्याच्या दिशेने किंचित लांबवा. बाकी सगळीकडे गोलच.

नेहमीच्या चुका तीन. पहिली, सगळी अंतरं सारखी ठेवणे. मग बॉल दोरीने ओढल्यासारखा खाली येतो. दुसरी, जमिनीला टेकलेलं ड्रॉइंगच नसणे. बॉल हवेतूनच परत फिरतो आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही. तिसरी, कमानीच्या टोकावर बॉल चेपणे. तिथे त्याला दाबणारं काहीच नसतं.

आणखी एक. हेच २५ कागद 'दुसऱ्या मजल्यावरून पडलेला बॉल' म्हणून चालणार नाहीत. सहा मीटरवरून पडायला साधारण १.१ सेकंद लागतो, म्हणजे २६-२७ फ्रेम. उंची ड्रॉइंगच्या संख्येतून कळते, कागदावरच्या सेंटिमीटरमधून कळत नाही.

टप्पा ४: लाइन टेस्ट

लाइन टेस्ट म्हणजे कागदांचे फोटो ओळीने लावून हालचाल तपासणे. फोटो काढण्याआधी फ्लिप करायला शिका. सलग पाच कागद पेगवर ठेवा, मधल्या चार फटींत चार बोटं घाला आणि कागद एकामागून एक पाडा. काढता काढता हालचाल बघायची ही सवय लागली की खोडरबर कमी लागतो.

मग मोबाइल. पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर पट्ट्या टाकून फोन कागदाच्या बरोबर वर, आडवा बसवा. स्टॉप मोशनचं कुठलंही फुकट ॲप चालेल. क्रम असा: पडदे ओढा, एकच दिवा ठेवा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, ॲपचा वेग सेकंदाला १२ ठेवा आणि प्रत्येक कागदाचा एक फोटो घ्या. फोटो घेताना दर वेळी एकाच जागी बसा, नाहीतर तुमचीच सावली कागदावर नाचते.

सावधान: व्हिडिओ उजेड-अंधार असा लुकलुकत असेल तर बहुधा एक्स्पोजर लॉक नाही किंवा खिडकीतून ऊन-ढग येतोय. दोन्ही ठीक असूनही लुकलुकलं तर दिवा बदला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात आणि कॅमेरा ते पकडतो.

तपासणी: २ सेकंदांच्या आसपासचा व्हिडिओ झाला पाहिजे. चार सेकंद झाला असेल तर ॲपचा वेग चुकलाय, ड्रॉइंग खोडायला घेऊ नका. घरातल्या कुणाला तरी न सांगता दाखवा आणि विचारा, बॉल कशाचा आहे? "रबरी" असं लगेच उत्तर आलं की पुढे चला.

यानंतर तोच बॉल लोखंडी करा, मग फुग्याचा करा. मग बॉलला शेपटी लावा. बॉल थांबला तरी शेपटीचं टोक मागून येतं आणि उशिरा थांबतं. मूळ आधी, टोक शेवटी. दोन आठवडे इथे द्या.

टप्पा ५: चाल

आधी तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाच्या काठी जा. कट्ट्यावर बसा आणि चालणाऱ्यांची दहा-दहा पावलं स्टॉपवॉचवर मोजा. संध्याकाळी फेरी मारणाऱ्यांच्या दहा पावलांना साडेसहा-सात सेकंद लागतात, म्हणजे पावलाला १६ फ्रेम. सकाळी साडेआठला स्टेशनकडे निघालेल्याला पाचच सेकंद लागतात, म्हणजे १२. खांदे कुठे झुकतात, पिशवी असलेला हात किती हलतो, तेही काडीचित्रात टिपा. घरी आल्यावर काढू म्हटलं तर डोक्यात फक्त 'माणूस चालतो' एवढंच उरतं.

आपण १६ फ्रेमचं पाऊल घेऊ. ऑन टूज एका पावलाला ८ ड्रॉइंग, दोन पावलांचं चक्र १६ चं.

१. ड्रॉइंग १, कॉन्टॅक्ट: पुढची टाच टेकलेली, मागच्या पायाचा चवडा टेकलेला, पाय सगळ्यात फाकलेले.

२. ड्रॉइंग ३, डाऊन: वजन पुढच्या पायावर, गुडघा वाकलेला, डोकं सगळ्यात खाली.

३. ड्रॉइंग ५, पासिंग: टेकलेला पाय जवळपास ताठ, दुसरा त्याच्या शेजारून जातोय.

४. ड्रॉइंग ७, अप: चवड्यावर उचललेलं शरीर, डोकं सगळ्यात वर.

५. ड्रॉइंग ९ हे पुन्हा कॉन्टॅक्ट, पण पाय उलटे. पुढे ११, १३, १५ तसेच.

हे आठ की काडीचित्रात काढा. उजवा हात-पाय लाल आणि डावा निळा ठेवा, नाहीतर पाचव्या ड्रॉइंगला पायांची अदलाबदल होते आणि दोन तास तुम्ही गुडघे शोधत बसता. हात पायांच्या उलट. मगच २, ४, ६ असे मधले भरा. इनबिटवीन म्हणजे बरोबर मधली रेघ असं धरू नका; पाय आणि हात कमानीतून जातात, सरळ मध्य घेतला की पाऊल जमिनीत रुतल्यासारखं दिसतं.

जागच्या जागी चालणाऱ्या माणसाचं टेकलेलं पाऊल दर ड्रॉइंगला सारखंच अंतर मागे गेलं पाहिजे. नकाशाच्या कागदावर त्याच्या खुणा आखून घ्या. हे चुकलं की तो बर्फावरून घसरल्यासारखा वाटतो.

सतरावं ड्रॉइंग काढू नका. पहिलं आणि सतरावं सारखंच असतं, दोन्ही ठेवली की दर दुसऱ्या पावलाला बारीक आचका बसतो. 'का अडखळतंय कळत नाही' म्हणणाऱ्यांच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा हेच सापडतं.

प्राणी-पक्षी चालवायचे असतील तर हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीकडे फ्लेमिंगो बघायला जा. त्यांचा उलटा वाकणारा 'गुडघा' म्हणजे खरं तर घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला असतो. हे ध्यानात ठेवून एक पक्षी चालवून बघा, गाय आणि कुत्र्याचे मागचे पायही त्याच हिशोबाने सुटतात.

क्लासचे पैसे भरण्याआधी

इथवर आलात की मग क्लास हवा का ते ठरवा. जाल तिथे दोन प्रश्न विचारा: हाताने काढलेलं काम कोण तपासतं, आणि मागच्या बॅचच्या मुलांनी स्वतः केलेली बॉलची आणि चालण्याची टेस्ट दाखवाल का? सॉफ्टवेअरची यादीच पुढे केली गेली तर थांबा. पदवीनंतर पवईला आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनचं एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी, करता येतं, त्यासाठी सीड ही परीक्षा लागते. तिथेही निरीक्षण आणि रेखाटन बघतात, म्हणून तलावपाळीच्या वह्या जपून ठेवा.

टप्पा ६: आता डिजिटल

सॉफ्टवेअर एकच निवडा. लॅपटॉप जुना असेल तर पेन्सिलटूडी; रंगवण्याची आवड असेल तर क्रिटा; कागदावरचं काम स्कॅन करून रंगवायचं असेल तर ओपनटून्झ; थ्रीडीकडे जायचा विचार असेल तर ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल. चारही फुकट आहेत. दर महिन्याला सॉफ्टवेअर बदलणारा मुलगा वर्षभर बटणंच शिकत राहतो.

१. टॅब्लेटचं प्रमाण जुळवा. टॅब्लेटची पाटी आणि मॉनिटर यांची लांबी-रुंदी एकाच प्रमाणात नसेल तर तुम्ही काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर अंडाकृती होतं आणि दोष हाताला जातो. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो. तो लावा, पाटीवर नाणं ठेवून भोवती पेन फिरवा आणि स्क्रीनवर गोल येतो का बघा.

२. फाइल उघडतानाच १९२० बाय १०८० आणि २४ फ्रेम ठरवा. काम अर्धं झाल्यावर फ्रेम रेट बदलला की सगळं टायमिंग कोलमडतं.

३. पहिलं काम तोच २५ ड्रॉइंगचा बॉल. नवीन काही नको. हालचाल ओळखीची असली की लक्ष फक्त पेनाकडे राहतं. स्क्रीन नसलेल्या टॅब्लेटवर हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे असतात. ही सवय लागायला दोन आठवडे जातात, घाबरू नका.

४. लेयर तीन: नकाशा, रफ (कच्ची रेघ), क्लीन (पक्की रेघ). प्रत्येकाला नाव द्या.

५. ओनियन स्किन, म्हणजे शेजारच्या ड्रॉइंगची फिकट सावली, मागे एक, पुढे एक एवढीच ठेवा. चार-पाच सावल्या लावल्या की डोळा गोंधळतो. दर चार ड्रॉइंगनंतर ती बंद करून मागे-पुढे जाण्याच्या बटणाने फ्लिप करा, जसं कागदावर केलंत.

६. झूम शंभर टक्क्यांच्या वर नेऊ नका, निदान रफ होईपर्यंत. आठशे टक्क्यांवर पापणी सजवत बसलेल्या मुलांचं अख्खं शरीर ताठलेलं असतं.

सावधान: दोन की देऊन मधलं कॉम्प्युटरकडून भरून घेता येतं. पण त्याला बॉल आणि फुगा यांतला फरक माहीत नसतो. तो बहुधा सरळ रेषेत जातो आणि अंतरं त्याच्या ठरलेल्या पद्धतीने वाटतो. वापरा, पण नकाशाचा लेयर वर ठेवून प्रत्येक जागा तपासा आणि कर्व्ह हाताने दुरुस्त करा.

टप्पा ७: स्कॅन, रंग, एक्सपोर्ट

पेग बार स्कॅनरच्या काचेच्या कडेला टेपने चिकटवा आणि प्रत्येक कागद त्याच्यावरच बसवून स्कॅन करा. २०० डीपीआयला (इंचाला २०० ठिपके) आपली २४० मिलिमीटरची चौकट १,८९० पिक्सेलच्या आसपास येते, म्हणजे एचडीला थोडी कमी. म्हणून ३०० ठेवा. स्कॅनरची आपोआप कापणारी आणि उजळवणारी सेटिंग बंद करा, नाहीतर दर कागदाला वेगळा निकाल येतो.

रंग भरण्याआधी रेघांमधल्या फटी बुजवा. रंग रेघेच्या खालच्या, वेगळ्या लेयरवर. पात्राच्या रंगांची पट्टी आधी करून ठेवा आणि त्यातूनच रंग उचला. डोळ्याने जुळवलेला निळा दहाव्या फ्रेमला दुसराच झालेला असतो.

एक्सपोर्ट करताना थेट व्हिडिओ काढू नका. आधी पीएनजी चित्रांची मालिका काढा, म्हणजे मध्येच लॅपटॉप बंद पडला तरी झालेल्या फ्रेम हातात राहतात. आकडे चार अंकी ठेवा: ०००१, ०००२. नुसतं १, २, १० लिहिलं की काही प्रोग्रॅम १ नंतर १० लावतात. मालिकेवरून व्हिडिओ करताना वेग पुन्हा २४ आहे ना बघा. मूळ फाइल, पीएनजी आणि कागद या तिन्हींची जागा वेगळी ठेवा. पेन ड्राइव्हवर एक प्रत आणि दुसऱ्या कुणाच्या घरी एक.

तपासणी: व्हिडिओ मोबाइलवर आवाज बंद करून बघा, मग फ्रेम-फ्रेम पुढे नेत बघा. बॉल ५० फ्रेमचा आणि चालीचं एक चक्र ३२ फ्रेमचं भरलं पाहिजे. एक फ्रेम जरी कमी-जास्त आली तर मालिकेत ती कुठे गळली किंवा दोनदा आली ते शोधा, आणि दुरुस्त करूनच कुणाला पाठवा.